अमेरिकी अध्यक्षपदाचा उमेदवार पारखायची साधने: कोणते कितपत भरवशाचे

महाराष्ट्रात निवडणूक लागली की उमेदवाराचे शपथपत्र उघडून बघायची सवय आता बऱ्याच मतदारांना लागली आहे. शेत किती, सोने किती, कर्ज कोणाचे, गुन्हे कोणत्या कलमाखाली, शिक्षण कुठवर, हे सगळे नमुना २६ मध्ये एका ठिकाणी आणि रुपयांत सापडते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला मराठी मतदार हीच अपेक्षा घेऊन तिथल्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराची माहिती शोधायला बसतो आणि पहिल्याच पायरीवर अडतो. तिथे असा एकत्र कागद नाही. निवडणुकीच्या पैशाचा हिशेब एका कार्यालयाकडे, मालमत्तेचा दुसऱ्याकडे, खटले ज्या त्या न्यायालयात आणि प्राप्तिकराचे विवरण उमेदवाराच्या मर्जीवर. ही बहुतेक साधने फुकट आहेत, पण प्रत्येकाकडून एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते. भलता प्रश्न विचारला की भलते उत्तर मिळते, आणि तेच पुढे व्हॉट्सॲपवर फिरते.

सगळ्यात आधी उघडावे ते फेडरल इलेक्शन कमिशनचे संकेतस्थळ, एफईसी डॉट जीओव्ही. नाव आपल्या निवडणूक आयोगासारखे असले तरी मतदान घेणे हे त्याचे काम नाही; ते राज्ये आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) बघतात. एफईसीचे काम प्रचाराच्या पैशाचे नियम सांभाळणे आणि हिशेब लोकांपुढे ठेवणे. ५,००० डॉलरपेक्षा जास्त जमा किंवा खर्च झाला की १५ दिवसांत उमेदवाराला फॉर्म २ भरावा लागतो आणि त्याचे खाते उघडते. अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा क्रमांक 'पी' ने सुरू होतो, समित्यांचा 'सी' ने. एकाच नावाच्या चार-पाच समित्या असतात, काही तर उमेदवाराचा काहीही संबंध नसताना त्याचे नाव वापरतात. म्हणून नाव टाकून शोधण्यापेक्षा उमेदवाराच्या पानावरून त्याच्या मुख्य समितीच्या क्रमांकावर जाणे बरे.

त्या पानावर आधी चार आकडे वाचावेत: एकूण जमा, एकूण खर्च, हाती शिल्लक आणि देणी. मग देणग्यांची फोड. २०० डॉलरपर्यंत देणाऱ्यांची रक्कम बिननावी एकत्र दाखवतात. त्यापुढे नाव, गाव, पिन कोड, व्यवसाय आणि नोकरी कुठे, हे सगळे येते. बिननावी रकमेचे एकूण देणग्यांशी प्रमाण काढले की उमेदवार लहान देणगीदारांवर उभा आहे की मोठ्या चेकवर, याचा पहिला अंदाज येतो. मात्र तो अंदाजच, कारण याच ठिकाणी सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिली चूक दोन वर्षांच्या खिडकीची. देणगीदारांचा शोध दोन-दोन वर्षांच्या कालखंडांत चालतो, अध्यक्षपदाची मोहीम मात्र चार वर्षांच्या चक्रात मोजतात. २०२४ च्या उमेदवारासाठी २०२१-२२ आणि २०२३-२४ हे दोन्ही कालखंड निवडले नाहीत तर सुरुवातीच्या देणग्या दिसतच नाहीत. दुसरी चूक दुहेरी मोजणीची. डेमोक्रॅटिक बाजूच्या बहुतेक छोट्या ऑनलाइन देणग्या ॲक्टब्लू या स्थळामधून आणि रिपब्लिकन बाजूच्या विनरेडमधून जातात. या मध्यस्थांना २५ डॉलरसुद्धा नावानिशी दाखवावे लागतात, आणि तीच रक्कम पुढे उमेदवाराच्या समितीच्या हिशेबातही येते. दोन ओळींची बेरीज केली की देणगी दुप्पट. 'मेमो' अशी खूण असलेल्या ओळी बेरजेत धरायच्या नसतात, हे लक्षात ठेवले तर निम्मा घोळ मिटतो.

उणे रकमा दिसल्या की देणगीदार नाराज झाला असे समजू नये. २०२३-२४ साठी एका व्यक्तीची मर्यादा प्रत्येक निवडणुकीला ३,३०० डॉलर होती. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात, म्हणून एकाच चेकने ६,६०० आले तर निम्मे मुख्य निवडणुकीकडे वळवतात आणि एक उणे ओळ तयार होते. नवरा-बायकोच्या नावांत रक्कम वाटली तरी तसेच होते.

'अमुक कंपनीने तमुक उमेदवाराला इतके लाख दिले' ही बातमी तर जवळपास नेहमीच चुकीच्या वाचनातून येते. कंपन्यांनी उमेदवाराला थेट पैसे देण्यावर १९०७ पासून बंदी आहे. बातमीतला आकडा म्हणजे नोकरीच्या रकान्यात त्या कंपनीचे नाव लिहिणाऱ्यांच्या वैयक्तिक देणग्यांची बेरीज असते. त्यात अभियंतेही आले आणि कँटीनमधले कर्मचारीही.

२०२४ मध्ये आणखी एक खास अडचण होती. २१ जुलैला जो बायडन यांनी माघार घेतल्यावर त्यांच्याच मुख्य समितीचे नाव बदलून ती कमला हॅरिस यांच्या नावे झाली. क्रमांक तोच राहिला. त्यामुळे समितीच्या एकूण जमेत आधीच्या बायडन मोहिमेचे पैसेही आहेत. हॅरिस यांना स्वतःला काय मिळाले ते पाहायचे तर तारखेची चाळणी लावून २१ जुलैनंतरच्या नोंदी घ्याव्या लागतात.

खर्चाची बाजू फार कमी लोक उघडतात, खरे तर उमेदवाराची कामाची पद्धत तिथेच दिसते. शेड्यूल बी मध्ये कोणाला, कधी, किती आणि कशासाठी दिले हे ओळीओळीने असते. ट्रम्प यांच्या 'सेव्ह अमेरिका' समितीच्या नोंदींत वकिलांच्या फीवर गेलेले कोट्यवधी डॉलर याच तक्त्यात सापडतात. हॅरिस मोहिमेने ओप्रा विन्फ्री यांच्या हार्पो प्रॉडक्शन्सला दिलेले १० लाख डॉलरही इथेच दिसले. पैसा कोणाला गेला हे ओळ सांगते, पण त्यातून पुढे कोणाला काय मिळाले हे सांगत नाही. विन्फ्री यांनी ती रक्कम कार्यक्रमाच्या निर्मितीखर्चाची असल्याचे आणि स्वतः मानधन न घेतल्याचे सांगितले. ते वाचण्याआधीच 'पाठिंबा विकत घेतला' असा निकाल देणे हा आकड्यांचा गैरवापर आहे. दोन-तीनशे शब्दांच्या बातमीपेक्षा तक्ताच डाऊनलोड करावा. एका वेळी पाच लाख ओळींपर्यंत फाइल मिळते आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये 'कशासाठी' या रकान्यावर चाळणी लावता येते.

एफईसीचा मोठा दोष संकेतस्थळात नाही, कायद्यात आहे. सुपर पॅकना (उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणाऱ्या समित्यांना) अमर्याद पैसा घेता येतो, आणि ज्या संस्थांना देणगीदार जाहीर करण्याचे बंधन नाही त्यांच्याकडून पॅकमध्ये पैसा आला तर नोंद त्या संस्थेच्या नावावर थांबते. वेळेचीही पळवाट आहे. निवडणुकीआधीच्या शेवटच्या अहवालाचा हिशेब मतदानाच्या २० दिवस आधी बंद होतो. २०२४ मध्ये तो १६ ऑक्टोबरला बंद झाला. ऑक्टोबरमध्येच पुढे आलेल्या 'आरबीजी पॅक' ने गर्भपाताच्या प्रश्नावर ट्रम्प यांच्या बाजूने जाहिराती केल्या. खर्च मतदानापूर्वी दिसत होता, कारण शेवटच्या २० दिवसांत १,००० डॉलर किंवा त्याहून जास्तीचा असा खर्च २४ तासांत कळवावा लागतो. पण त्यामागचे २ कोटी ५ लाख डॉलर इलॉन मस्क यांच्या ट्रस्टचे होते हे ५ डिसेंबरच्या अहवालात उघड झाले. मतदान होऊन महिना लोटला होता. त्यात मे २०२५ मध्ये आयोगाचा कोरमच गेला. सहा जागांपैकी कारवाईसाठी चार सदस्यांची मते लागतात, तेवढे सदस्य उरले नाहीत. अहवाल भरणे आणि प्रसिद्ध करणे थांबले नाही, पण चूक करणाऱ्याला दंड करणारे कोणी नव्हते. माहितीसाठी पाचपैकी साडेचार गुण, अंमलबजावणीसाठी एकही नाही.

मालमत्तेसाठी दुसरे दार: ऑफिस ऑफ गव्हर्न्मेंट एथिक्स आणि त्याचा फॉर्म २७८-ई. आपल्या शपथपत्राची सवय असलेल्याची इथे निराशा होते. रक्कम नेमकी नसते, टप्प्यांत असते: १,००१ ते १५,००० डॉलर, १५,००१ ते ५०,०००, असे चढत जाऊन सगळ्यात वरचा टप्पा '५ कोटींहून अधिक'. ट्रम्प यांची मार-अ-लागो ही मालमत्ता याच टप्प्यात बसते. ती ६ कोटींची असो की ६० कोटींची, फॉर्मला फरक पडत नाही. म्हणून या फॉर्मवरून कोणाची 'एकूण संपत्ती' काढू नये. तळाच्या आकड्यांची आणि माथ्याच्या आकड्यांची अशा दोन बेरजा केल्या तरी मधले अंतर इतके मोठे पडते की उत्तराला अर्थ उरत नाही. भाड्याने न दिलेले राहते घर तर मालमत्तेत दाखवावेच लागत नाही.

तरी फॉर्म वाया नाही. नऊ भागांपैकी भाग १ (बाहेरची पदे), भाग ६ (इतर मालमत्ता) आणि भाग ८ (देणी) आधी वाचावेत. उमेदवार कोणाचा कर्जदार आहे, व्याजदर काय आणि मुदत कधी संपते, हे भाग ८ मध्ये मिळते, आणि हितसंबंधांच्या दृष्टीने संपत्तीच्या आकड्यापेक्षा ते महत्त्वाचे. ट्रम्प यांचा २०२४ चा फॉर्म दोनशेहून जास्त पानांचा आहे. तिथे गोल्फ कोर्सपुढे लिहिलेले 'उत्पन्न' हे एकूण वसुलीचे असते, खर्च वजा जाता उरलेल्या नफ्याचे नव्हे. ढाब्याच्या गल्ल्यात दिवसभर पडलेले पैसे म्हणजे मालकाची कमाई नव्हे, तसेच हे. मुदतवाढ मिळून ४५-४५ दिवस दोनदा लांबू शकते, तेव्हा फॉर्म दिसला नाही म्हणजे लपवला असे नाही.

प्राप्तिकराचे विवरण जाहीर करण्याची प्रथा निक्सन यांच्या काळापासूनची, कायदा नाही. ट्रम्प यांनी ती पाळली नाही. त्यांची सहा वर्षांची विवरणे प्रतिनिधिगृहाच्या समितीने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. गुन्हे आणि खटल्यांसाठीही मध्यवर्ती तक्ता नाही. राज्यघटनेच्या अटी तीनच आहेत: जन्मजात नागरिक, वय ३५ पूर्ण आणि १४ वर्षे वास्तव्य. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवले, तरी उमेदवारी अर्जात त्याचा रकाना भरायचा प्रश्न आला नाही. या एका बाबतीत आपला नमुना २६ निर्विवादपणे सरस आहे.

उमेदवार सिनेटर राहिलेला असेल तर त्याची मते काँग्रेस डॉट जीओव्हीवरून तपासता येतात. साधन उत्तम, पण एकाच मतावरून माणूस ठरवणे धोक्याचे. २००३ मध्ये इराक-अफगाणिस्तानसाठीच्या ८,७०० कोटी डॉलरच्या विधेयकावर सिनेटर जॉन केरी (२००४ चे डेमोक्रॅटिक उमेदवार) यांनी श्रीमंतांची करसवलत कमी करून पैसा उभा करणाऱ्या दुरुस्तीला पाठिंबा दिला आणि अंतिम मसुद्याविरुद्ध मत दिले. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एकच दाखवली की माणूस दुटप्पी दिसतो. ओबामा यांच्या इलिनॉय विधिमंडळातल्या सुमारे १३० 'प्रेझेंट' ('हजर', म्हणजे बाजूने नाही आणि विरोधातही नाही) मतांवरही असाच गदारोळ झाला. तिथे विधेयक संमत व्हायला निवडून आलेल्या एकूण सदस्यांचे बहुमत लागते, त्यामुळे 'प्रेझेंट' हे परिणामाने विरोधी मतच ठरते. सभागृहाचा नियम वाचल्याशिवाय मतांचा तक्ता वाचू नये.

प्रश्नमंजुषांबद्दल थोडक्यात. आयसाइडविथसारखी स्थळे तुमची मते घेऊन 'अमुक उमेदवाराशी ८२ टक्के जुळते' असे सांगतात. धोरणांची यादी डोळ्यांखालून घालायला ठीक. प्रत्येक प्रश्नाचे महत्त्व स्वतः ठरवण्याची सोय आहे, ती वापरली नाही तर व्हिसा धोरण आणि एखादा किरकोळ मुद्दा सारख्याच वजनाचे होतात. उमेदवाराला कारभार जमेल का, याबद्दल त्यात अक्षरही नाही. दोन गुण.

नेत्यांची विधाने तपासणाऱ्या पॉलिटिफॅक्ट या स्थळाचे तसे नाही. एकेका विधानाची तपासणी चांगली असते, पुरावे खाली दिलेले असतात, 'खरे' पासून 'पँट्स ऑन फायर' (धादांत खोटे) पर्यंत सहा पायऱ्या आहेत. चूक होते ती स्कोअरकार्डवर. विधाने बातमीमूल्य पाहून निवडलेली असतात. त्यामुळे 'या उमेदवाराची ४० टक्के विधाने खोटी' असे म्हणता येत नाही. फार तर तपासलेल्यांपैकी इतकी खोटी निघाली, एवढेच. विधान वाचावे, टक्केवारी सोडून द्यावी.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी एक सूचना: देणगी देणे तुमच्यासाठी बेकायदेशीर आहे, ग्रीन कार्डधारकाला चालते, आणि दुसऱ्याच्या नावाने आपले पैसे देणे कोणालाच चालत नाही. एफईसीच्या यादीतली नावे उचलून महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवासाठी वर्गणी मागणेही कायद्याने मना आहे; धर्मादाय देणगीलाही ती बंदी लागू होते.

पुण्या-मुंबईत राहून टपालाने मत देणाऱ्या अमेरिकी नागरिकांनी तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. परदेशस्थ मतदारांची मागणी वेळेत आली असेल तर मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी पाठवाव्या लागतात; २०२४ मध्ये तो दिवस २१ सप्टेंबर होता. मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या २० तारखेला येतो, म्हणजे मतपत्रिका हाती पडली तेव्हा ऑगस्टअखेरपर्यंतचाच हिशेब उपलब्ध होता. सप्टेंबरचा अहवाल २० ऑक्टोबरला आणि निवडणुकीआधीचा शेवटचा २४ ऑक्टोबरला आला. तुमच्या काउंटीत मतपत्रिका ईमेलने परत पाठवायची सोय असेल तर तो शेवटचा अहवाल पाहून मत देता येते. टपालानेच पाठवायची असेल तर २० सप्टेंबरचा अहवाल नीट वाचून ठेवावा, कारण तुमच्यासाठी तोच शेवटचा.