जुना सायलेन्सर गॅरेजवाल्याकडे सोडू नका: माझे 47,800 रुपये गेले

गाडीच्या सायलेन्सरचा मागचा डबा सडला म्हणून मी गाडी गॅरेजला दिली आणि तिथून परत आली ती बिनकॅटकॉनची. कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाईपमधला धूर स्वच्छ करणारा भाग. ज्यांना या धंद्याची माहिती आहे त्यांना एवढ्या एका वाक्यात सगळं कळलं असेल. ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. कॅटकॉनच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा मुलामा असतो, चोरांना तोच हवा असतो, हेही मला माहीत होतं. पण ते चोर रात्री येतात, दिवसाढवळ्या आपल्यालाच ‘ताई, चहा घेणार का’ विचारत नाहीत, असं मी धरून चालले होते.

माझी गाडी 2018ची, पेट्रोलवरची छोटी कार. आम्ही कोकणात, मुंबई-गोवा महामार्गालगत राहतो. चार महिने पाऊस, खारी हवा, वर पार्किंग उघड्यावर. त्यात माझी शाळा घरापासून जेमतेम दोन किलोमीटर. इतक्या कमी अंतरात सायलेन्सर नीट तापत नाही, आत साठलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही आणि डबा आतूनच गंजत जातो. गेल्या पावसाळ्यात गाडी भसाभसा आवाज करायला लागली. सर्व्हिस सेंटरने गाडी वर घेऊन दाखवली: मागच्या डब्याच्या शिवणीवर बोट जाईल एवढं भोक. बाकी पाईप, कॅटकॉन, सगळं ठीक. एस्टिमेट दिलं ते असं: डबा 6,240, गॅस्केट आणि रबर 480, मजुरी 1,150. एकूण 7,870 रुपये.

एका डब्याला पावणेआठ हजार मला जास्त वाटले. कोणालाही वाटतील. आमच्या शाळेतल्या एका सरांनी त्यांच्या ओळखीचं गॅरेज सुचवलं. चालू गॅरेज, दारात गाड्यांची रांग, भिंतीवर दरपत्रक. मी काही रस्त्याकडेच्या टपरीवर गाडी दिली नव्हती, हे मुद्दाम सांगते, कारण आता जो भेटतो तो ‘अहो, तिथे कशाला गेलात’ म्हणतो. तुम्हीही गेला असतात.

त्या माणसाने गाडीखाली बॅटरी मारली आणि म्हणाला, “ताई, मागचा डबा बदलून उपयोग नाही. मधून पण गेलाय. आज मागचा बदलाल, दोन महिन्यांनी पुढचा फुटेल. पूर्ण लाइनच नवीन टाकू. कंपनीसारखीच, आवाज अजिबात येणार नाही.” किंमत सांगितली 6,800. मी म्हटलं, सर्व्हिस सेंटरवाले तर फक्त मागचा डबा म्हणाले. त्यावर तो म्हणाला, “ते तुम्हाला पुढच्या वेळी परत बोलावणार ना.” पटण्यासारखं होतं. सर्व्हिस सेंटरने उगाच कामं वाढवल्याचे अनुभव आपल्यापैकी कोणाला नाहीत?

आणि मग तो म्हणाला, “जुना माल इथेच ठेवा, मी त्याचे पंधराशे कमी करतो. तुम्ही 5,300च द्या.”

तिथे. नेमकं तिथे मला थांबायला हवं होतं. हे वाक्य मी इतक्या वेळा मनात घोळवलं आहे की आता त्याचा आवाजही कानात बसला आहे. सडलेला लोखंडी डबा आणि पाईप, सगळं मिळून सात-आठ किलो. आमच्याकडे भंगारवाला लोखंडाला किलोमागे तीस रुपये देतो. म्हणजे फार तर 240 रुपयांचा माल. त्याचे हा माणूस मला पंधराशे का देतोय? ज्याला नव्या रबरचे साठ रुपये सोडवत नाहीत तो गंजक्या पत्र्यावर बाराशे-तेराशे का उधळतोय? हिशेब तोंडी करण्याइतका सोपा होता. पण समोरचा आपल्याला पैसे कमी करून देत असतो तेव्हा आपण त्याच्यावर संशय घेत नाही, आपण त्याचे आभार मानतो. मी मानले. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल घेतलंत तर वर जीएसटी लागेल ताई, कशाला?” मी 5,300 रुपये यूपीआयने दिले. देवाच्या कृपेने रोख दिले नाहीत, नाहीतर आज माझ्याकडे काडीचा पुरावा नसता. आणि मी काम चालू असताना तिथे का थांबले नाही, असं विचारणाऱ्यांना सांगते: माझा पाचवा तास होता.

गाडी घेऊन निघाले तेव्हाच आवाज जड वाटला. पूर्वीसारखा भसाभसा नव्हता, पण खालून घुमणारा, पोकळ. फोन केला तर म्हणे, “नवीन आहे ताई, दोन-तीनशे किलोमीटर चालली की आवाज बसतो.” बसला नाही. सकाळी साडेसहाला गाडी काढली की वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत येऊन उभ्या राहायला लागल्या. सिग्नलला काच उघडी असली की डोळे चुरचुरायचे. एकदा नाक्यावर वाहतूक पोलिसाने अडवलं, म्हणाला, “मॅडम, तुम्ही पण मॉडिफाय सायलेन्सर लावता? पुन्हा दिसली तर चलान.” मी शिक्षिका, त्या नाक्यावर माझे विद्यार्थी उभे असतात. तो अपमान मी विसरणार नाही.

उलगडा झाला पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला. कार्बन मोनॉक्साइड 1.62 टक्के. बीएस-4 पेट्रोल गाडीला मर्यादा 0.3 टक्के. हायड्रोकार्बन 540, मर्यादा 200. आदल्या वर्षी हीच गाडी आरामात पास झाली होती. पीयूसीवाल्या पोराने आकडे बघून हळूच विचारलं, “पाचशे जास्तीचे द्या, करून देतो.” मी नाही म्हटलं आणि सरळ सर्व्हिस सेंटर गाठलं.

तिथल्या मेकॅनिकने गाडी वर घेतली, पान्याच्या मुठीने कॅटकॉनच्या डब्यावर टकटक केली आणि मला म्हणाला, “ऐका.” रिकामा डबा वाजला. कवच तसंच, वरून चंदेरी रंग मारलेला, दोन्ही टोकांना नवी वेल्डिंगची रेघ, अजून निळसर दिसत होती. आत जाळी नाहीच, एक सरळ पाईप घातलेला. त्याने पुढे एक गोष्ट दाखवली ती पाहून मात्र माझं डोकं फिरलं. कॅटकॉनच्या मागे जो ऑक्सिजन सेन्सर असतो तो मूळ जागेवर नव्हता. मध्ये एक स्टीलची बुशिंग, म्हणजे छोटी पोकळ नळी, बसवून तो इंचभर बाहेर ओढून ठेवला होता. असं केलं की सेन्सरपर्यंत धूर पुरेसा पोचत नाही, आत कॅटकॉन नाही हे गाडीच्या संगणकाला कळत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागत नाही. म्हणजे घाईत झालेली चूक नव्हे, हलगर्जीपणा नव्हे. त्या माणसाकडे ती बुशिंग तयार होती. दुकानात ठेवलेली होती. माझ्याआधी किती जणांच्या गाडीत ती बसली असेल?

आता नवं एस्टिमेट. कॅटकॉन 36,900. मधला पाईप 4,350. मागचा डबा 6,240, कारण त्याने बसवलेला डबाही आतून कोराच होता, आवाज दाबणारं काहीच नाही. गॅस्केट-रबर 480. मजुरी 2,400. एकूण 50,370. त्यात त्याला दिलेले 5,300 मिळवा, 55,670 झाले. मागच्या डब्याचे 7,870 मला तसेही लागणारच होते, ते वजा करा. 47,800 रुपये. माझा निव्वळ तोटा.

गॅरेजवर गेले. तो म्हणाला, “मॅडम, गाडी आली तेव्हाच कॅट नव्हता. आधीच कोणीतरी काढला असेल.” मग पंधराशे कशाचे दिलेस? त्यावर गप्प.

पोलीस ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, “मिस्टर नाही आले?” गाडी माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून गेलेले, तक्रार माझी. मिस्टरांचा संबंध काय? दुसरा प्रश्न, “गाडी तुम्ही स्वतःहून दिली ना? मग चोरी कशी?” मी म्हटलं, विश्वासाने सोपवलेली वस्तू हडप केली, हा विश्वासघात आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 316 वाचा, फसवणुकीचं 318 वाचा. ठाणे अंमलदार म्हणाले, “मॅडम, हा दिवाणी मॅटर आहे, ग्राहक मंचात जा.” अर्ज ठेवून घेतला, पोचपावतीला शिक्का मागितला तर साहेब बाहेर गेलेत. पुन्हा गेले तर अर्ज ज्यांच्याकडे दिला ते बंदोबस्ताला. शेवटी अदखलपात्र नोंद (एनसी, ज्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत) करून हातात कागद दिला. विश्वासघात दखलपात्र गुन्हा आहे, तरीही! हेच पोलीस खातं तरुण पोरांच्या बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली घालून फोटो काढतं. मला नाक्यावर अडवून चलानची धमकी देणारे पोलीसच. पण तो सायलेन्सर गाडीत घातला कोणी हे लिहून घ्यायला त्यांच्याकडे पेन नाही.

आरटीओत गेले, म्हटलं माझ्या नकळत गाडीत बदल झालाय, तुमच्याकडे लेखी नोंद तरी करा. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “मॉडिफिकेशनची परवानगी घेतली होती का?” ऐका आणि डोकं धरा. कायदा मालकाला धरतो, हे लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मूळ रचनेबाहेरचा बदल चालत नाही आणि 182अ खाली अशा प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणासाठी कलम 190(2) वेगळं, तिथे दंड 10,000 पर्यंत जातो. गॅरेजवाल्याचं नावही तिथे कोणी काढलं नाही. गाडीच्या कागदावर नाव माझं.

विमा कंपनीने तर वर्तुळच पूर्ण केलं. पार्टची चोरी म्हणून क्लेम टाकला. त्यांनी एफआयआर मागितला. एनसीचा कागद पाठवला, तो चालत नाही. वर लेखी विचारणा, की गाडीत बदल झाला होता तर कंपनीला कळवला होता का. मी चोरी झाल्याचं सांगतेय आणि ते मला बदल न कळवल्याचा जाब विचारतायत! एजंट, जो प्रीमियमच्या वेळी दिवसातून तीनदा फोन करतो, म्हणाला, “ताई, हे बोलायलाच नको होतं.” मी बोलले ते बरंच केलं. उद्या अपघात झाला असता आणि सर्व्हेअरला हा कापलेला पाईप दिसला असता तर माझा खरा क्लेमही लटकला असता.

विम्याबद्दल एक घोळ लोकांच्या डोक्यात असतो तो इथेच काढते. गंजलेला सायलेन्सर बदलायचा खर्च कुठलीही साधी पॉलिसी देत नाही, झीज त्यातून वगळलेली असते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलंत तरी नाही. पण गंजलेल्या जागी कंपनीचाच, त्याच मॉडेलचा भाग बसवला तर तो बदल धरला जात नाही. फक्त पार्ट नंबर असलेलं बिल जपून ठेवा. ‘थोडा दमदार आवाज’ वाला, दुसऱ्या मॉडेलचा, कापून जोडलेला असा काही बसवलात की तो बदल झाला, मग आरटीओही तुमच्या मागे आणि विमा कंपनीही.

गॅरेजमध्ये पाऊल टाकताच म्हणा, “जुना पार्ट मला परत हवा.” किमतीच्या आधी हे बोला. ज्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसेल तिथून निघा. भंगाराचे पैसे कोणी स्वतःहून जास्त देत असेल तर तो भंगार घेत नाहीये. गाडी वर घेतली की मोबाइलने खालचे फोटो काढा, पुढून मागपर्यंत, कॅटकॉनचे दोन्ही जोड आणि सेन्सर दिसतील असे. परत घेताना तेच फोटो पुन्हा काढा आणि ताडून बघा. कामाच्या आदल्या दिवशी पीयूसी करून घ्या आणि काम झाल्यावर लगेच पुन्हा, दुसऱ्या सेंटरवर. त्या दोन कागदांइतका पक्का पुरावा नाही. ‘पूर्ण लाइन बदलू’ म्हणाला तर कुठला भाग कुठे फुटलाय ते बोट लावून दाखवायला सांगा. पुष्कळदा नुसतं लटकवायचं रबर तुटलेलं असतं किंवा गॅस्केट फुटलेलं असतं, शंभर-दोनशेंत काम होतं. आणि आवाज ‘बसतो’ वगैरे काही नसतं. पहिल्या दिवशी आवाज वाढलेला असेल तर त्याच दिवशी गाडी परत न्या.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवला आहे. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर हा रस्ता कायद्यातच आहे, हे मला एकाही खाकीवाल्याने सांगितलं नाही, शाळेतल्या एका पालकांनी सांगितलं. गॅरेज अजून चालू आहे. दारात अजून गाड्या उभ्या असतात.

ज्यांची गाडी आत्ता अशी घुमते आहे त्यांनी ती घाईने दुरुस्त करून टाकू नये. आधी सर्व्हिस सेंटरकडून काय कापलंय, काय गायब आहे ते त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. माझ्या तक्रारीला आज जो काही आधार आहे तो त्या एका पानाचा आणि 5,300च्या यूपीआय नोंदीचा. नवा कॅटकॉन बसवल्यावर तो कापलेला डबाही सोडू नका. माझा घरी पोत्यात बांधून ठेवला आहे, आयोगासमोर तोच ठेवणार आहे.