‘बॅड टीचर’ की ‘स्कूल ऑफ रॉक’? दोन ऑफ तास, दोन वाह्यात मास्तर

ऑफ तास आठवतोय ना? बाई रजेवर, वर्गात कल्ला, आणि दारात भलतेच कुणी सर उभे. ते ‘आपापलं वाचत बसा’ म्हणून पेपर उघडणार की काही भन्नाट सांगणार, यावर पुढची पस्तीस मिनिटं ठरायची. हे दोन हॉलिवूडपट म्हणजे असेच दोन ऑफ तास. दोन्हीकडे वर्गावर असं माणूस आहे ज्याला शिकवण्यात काडीचा रस नाही. एकच बघायचा असेल तर माझं मत ‘स्कूल ऑफ रॉक’ला. पण ‘बॅड टीचर’चीही एक वेळ असते, ती पुढे सांगतो.

आधी ‘बॅड टीचर’. २०११चा, जेक कॅस्डनचा, जेमतेम दीड तासाचा. कॅमेरॉन डियाझची एलिझाबेथ श्रीमंत नवरा पटवून नोकरीला रामराम ठोकणार असते, पण लग्न मोडतं आणि बाई पुन्हा शिकागोजवळच्या त्याच शाळेत. आता ध्येय एकच: छातीची शस्त्रक्रिया करून घ्यायची, त्यासाठी पैसे जमवायचे आणि नव्या, पैसेवाल्या बदली शिक्षकाला गटवायचं. वर्गात अंधार करून ती मुलांना सिनेमे लावून देते, तेही थोर, आदर्श शिक्षकांवरचे, आणि स्वतः टेबलाशी झोपते. हा विनोद मला फार आवडला. गंमत म्हणजे पुढे सिनेमाही तिच्यासारखाच वागतो. एकदा सोय लावली की डुलकी घेतो.

मधेच बाईंना जाग येते. ज्या वर्गाला राज्याच्या परीक्षेत सगळ्यात जास्त गुण, त्याच्या शिक्षकाला बक्षीस, असं कळतं. मग जिममध्ये मुलांना उभं करून पुस्तकावर प्रश्न, आणि उत्तर चुकलं की चेंडू फेकून मारायचा. डस्टर आणि खडू चुकवत आपण ज्या शाळेतून बाहेर पडलो, तिथल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही, पण हसू येतं. इथून सिनेमा चढेल असं वाटतं. छे! बाई शिकवायचं सोडून थेट प्रश्नपत्रिका चोरायच्या मागे लागतात.

या सिनेमात मुलं बाकांसारखी आहेत: वर्ग दिसावा म्हणून मांडलेली. अपवाद एक, गॅरेट नावाचा हळवा मुलगा. सहलीत त्याचं सगळ्यांसमोर हसं होतं, तेव्हा बाई त्याची पत वाचवायला जो काही अचाट उपाय करतात, तो कुठल्याही शाळेच्या नियमात बसणार नाही. पण त्या दोन मिनिटांत ही बाई पहिल्यांदा माणूस वाटते. असे प्रसंग आणखी चार असते, तर हा लेख वेगळा झाला असता.

मग बघायचा कशासाठी? जेसन सीगलसाठी. त्याचा पीटीचा मास्तर बास्केटबॉलवरून, लेब्रॉन मोठा की जॉर्डन, एका पोराशी हमरीतुमरीवर येतो. असा एक सर प्रत्येक शाळेत असतो. (आमचे गावसकरांविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायचे नाहीत.) आणि लूसी पंचसाठी. समोरच्या वर्गातली तिची अतिउत्साही, गोग्गोड बाई खरं तर एलिझाबेथपेक्षा भीतिदायक आहे. बदली शिक्षक झालेल्या जस्टिन टिंबरलेकचा मात्र पार फुकटचा खर्च.

आता ‘स्कूल ऑफ रॉक’. २००३, दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर. जॅक ब्लॅकच्या ड्यूई फिनला त्याच्याच बँडने हाकललंय, घरभाडं थकलंय. मित्राला बदली शिक्षकाच्या कामासाठी आलेला फोन हा घेतो आणि त्याचंच नाव लावून एका महागड्या खासगी शाळेत पोचतो. पहिल्या दिवशी मुलांना कायमची मधली सुट्टी. इथवर दोन्ही मास्तर एकाच माळेचे मणी.

फरक पडतो तो एका दाराशी. संगीताच्या तासाला मुलं शास्त्रीय काहीतरी वाजवतायत आणि ड्यूई बाहेरून ऐकतो. धावत जाऊन व्हॅनमधून गिटार, कीबोर्ड, ढोल असं सगळं सामान आणतो. चेलो वाजवणाऱ्या मुलीला सांगतो, तो आडवा धर, झाला बास! लबाडी सुटलेली नाही, बँडच्या स्पर्धेसाठी त्याला ही पोरं वापरायचीच आहेत. पण आता त्याला मुलांची गरज आहे, आणि गरज आहे म्हणून तो त्यांच्याकडे नीट बघतो. स्वतःला बावळट समजणारा लॉरेन्स, जाडी म्हणून गायला बुजणारी टोमिका, मार्कांसाठी जीव टाकणारी समर... सिनेमा संपल्यावर मुलांची नावं लक्षात राहतात. बँडमधली मुलं वाद्यं खरोखर वाजवणारी निवडली होती, ते पडद्यावर कळतं: त्यांचे हात खोटे वाटत नाहीत.

कुरकुर करायचीच तर मित्राच्या प्रेयसीला निव्वळ कजाग करून टाकलंय, आणि चिडलेले पालक एका गाण्यात विरघळतात. आपल्याकडच्या पालकसभेत असं होईल असं वाटत नाही. ते चालवून घ्या. कडक मुख्याध्यापिका झालेली जोन क्युसॅक दोन घोट बिअर आणि स्टीव्ही निक्सचं एक गाणं एवढ्यावर कशी सैलावते, ते पाहिलंत तर घ्यालच.

व्यवहाराचं एक: ‘बॅड टीचर’ अमेरिकेत मोठ्यांसाठीचा म्हणून आला होता, शिव्या, गांजा, चावटपणा भरपूर. मुलं, सासूबाई, नवं सूनबाळ यांपैकी कुणी सोफ्यावर असेल तर विषय संपला. चार मित्र, भेळ, आणि मधे फोन बघायची सवय असेल, तर तो चालून जातो. शिक्षक मित्रमैत्रिणींच्या गटात तर बहुधा जास्तच रंगेल. बाकी कुठल्याही शनिवारी ‘स्कूल ऑफ रॉक’ लावा. नावं सरकू लागली तरी टीव्ही बंद करू नका. पोरं तेव्हाही वाजवतच असतात, आणि सिनेमा संपलाय हेच गाण्यातून सांगत असतात.