डच स्मृतिपदक घ्यायचंय : आबेलेचं पोकळ की होल्ट्झहायचं ठशाचं?

पहिलंच डच पदक घेत असाल तर होल्ट्झहायचं घ्या. माझा स्वतःचा जीव मात्र आबेलेत अडकलाय, तेही सांगतो.

दोघेही ॲमस्टरडॅमचे पदककार. पीटर फान आबेले सतराव्या शतकातला. त्याचं पदक म्हणजे चांदीचे दोन पातळ पत्रे, प्रत्येकावर उठावाचं चित्र, कडेला पट्टी आणि डाख देऊन जोडलेले. आत पोकळ. 1660 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स हॉलंडमधल्या स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावरून मायदेशी परत निघाला, त्याचं पदक आबेलेने केलं. साधारण 7 सेंटीमीटरचं. एका बाजूला राजा, मागच्या बाजूला शिडं उभारलेली जहाजं. ठशाच्या दाबाचं बंधन नसल्याने उठाव भरपूर मिळतो, आणि वरून छिन्नीने हात फिरवलेला असतो. पण पदक दबतं, पोचे पडतात, जोड उकलतो. शिवाय आकाराच्या मानाने इतकं हलकं लागतं, की नवख्याला अस्सलही खोटं वाटतं.

योहान गेऑर्ख होल्ट्झहाय (1729–1808) पोलादात उलटं चित्र कोरून ठसा करायचा. मग चांदीची चकती स्क्रूच्या दाबयंत्राखाली. दाबाने चांदी कडक होते, म्हणून मोठ्या पदकाला मध्येच तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठशाखाली घालायचं. उठाव बेताचा, पण अक्षरांची धार बघत राहावी अशी.

नेदरलँड्सने 19 एप्रिल 1782 रोजी अमेरिकेला मान्यता दिली, त्याचं त्याने केलेलं पदक जेमतेम साडेचार सेंटीमीटरचं आहे. त्यावर दोन देश दोन स्त्रियांच्या रूपात उभे आणि वर लॅटिनमध्ये ‘लिबेरा सोरोर’, स्वतंत्र बहीण. मागच्या बाजूला खडकावर आपटून शिंग मोडलेला युनिकॉर्न, म्हणजे इंग्लंड. एवढ्याशा चांदीत केवढं राजकारण मावलंय!

सहीकडे नीट बघा. उल्महून आलेले वडील मार्टिन होल्ट्झहाय हेही पदककारच, त्यामुळे नुसत्या आडनावावर विसंबू नका.

होल्ट्झहायचा कौल देण्याचं खरं कारण म्हणजे ठशाच्या पदकाची ओतीव नक्कल भिंगाखाली बरीचशी उघडी पडते. थंड होताना धातू आकसतो, म्हणून व्यास किंचित कमी भरतो. अक्षरांचे कोपरे गोलसर होतात, सपाट जागेत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. आबेलेच्या बाबतीत ही परीक्षा पुरत नाही, तिथे जोड आणि छिन्नीकाम ओळखणारी नजर लागते. ती यायला हार्लेमचं टेलर्स संग्रहालय किंवा ॲमस्टरडॅमचं रेइक्सम्युझियम, जिथे जमेल तिथे जुनी पदकं डोळे भरून पाहावीत.

आणि दोन्हीपैकी काहीही घ्या, विक्रेत्याकडून कडेचा फोटो मागवा. कानशीचे ओरखडे दिसले की आधी शंका घ्या.