रॅम ओव्हरक्लॉक: एक्सएमपी लावून मोकळं व्हायचं की हाताने टायमिंग घट्ट करत बसायचं?

पणजी, म्हापसा, मडगाव, कुठल्याही दुकानातून असेंबल करून घेतलेला पीसी घ्या आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघा, खोक्यावर ३२०० छापलेलं असताना तिथे २१३३ किंवा २६६६ दिसायची शक्यता बरीच आहे. यात लगेच दुकानदाराला शिव्या घालू नका, मदरबोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅम जेडेकच्या (रॅमची मानकं ठरवणारी संस्था) साध्या स्पीडवरच उठते, खोक्यावरचा स्पीड बायोसमध्ये (मदरबोर्डचं स्वतःचं सेटिंगचं पान) जाऊन आपल्यालाच मागावा लागतो. आणि हो, सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, ते अर्धाच आकडा दाखवतं, दुप्पट करायचं.

तर नवख्या माणसापुढे पर्याय तीन: आहे तसं सोडा, एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम कंपनीने आधीच लिहून ठेवलेलं सेटिंग) लावा, नाहीतर स्वतः स्पीड, व्होल्टेज आणि टायमिंग (रॅम कुठल्या कामाला किती क्लॉक थांबते ते आकडे) फिरवत बसा. चौथा पर्याय कोणी बोलत नाही पण तो खाली येतोच.

आधी आकड्यांचं एकदा बघून घेऊ, कारण इथेच लोक जास्त गंडतात. सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून यायला लागणारे क्लॉक. त्याला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं, जितकं कमी तितकं बरं. ३२०० सीएल१६ म्हणजे १०, ३६०० सीएल१८ पण १०. म्हणजे सीएल वाढला म्हणून रॅम मंद झाली असं नाही, उलट बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, वाढली. पण ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५, स्पीड तोच आणि माल वेगळा. डीडीआर५ मध्ये ४८०० सीएल४० साधारण १६.७ वर जातं आणि ६००० सीएल३० परत १० वर येतं. म्हणून रॅम घेताना नुसता मोठा आकडा बघून पैसे देऊ नका.

एक्सएमपी हे इंटेलने २००७ मध्ये आणलं, एक्स्पो एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर. दोन्हीत गोष्ट एकच, कंपनीने तपासलेला स्पीड, टायमिंग आणि व्होल्टेज स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेलं असतं, तुम्ही ते फक्त चालू करता. डिलीट दाबून बायोसमध्ये शिरा, प्रोफाइल १ निवडा, एफ१० दाबून सेव्ह करा, संपलं. डीडीआर४ चं व्होल्टेज १.२ वरून साधारण १.३५ होतं, डीडीआर५ चं १.१ वरून बहुतेक किटमध्ये १.३५ च्या आसपास. एक सांगून ठेवतो, एएम५ (रायझन ७००० चं सॉकेट) बोर्डवर यानंतरच्या पहिल्या बूटला स्क्रीन काळी, पंखे फिरतायत, डीरॅमची लाइट पेटलेली, असं काही मिनिटं चालू शकतं. ते ट्रेनिंग असतं, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून पॉवर बटण दाबू नका. खरंच अडकलं तर सीमॉस क्लिअर करायचं म्हणजे बायोसची सेटिंग पुसायची, जंपर सापडत नसेल तर वायर काढून सीआर२०३२ चा सेल थोडा वेळ बाहेर ठेवायचा, परत मूळ सेटिंगवर येतं.

बोर्डाचं बघून घ्या मात्र. इंटेलचा एच६१० असेल तर प्रोसेसरच्या अधिकृत स्पीडच्या वर जाताच येत नाही, विषय तिथेच संपला. बी६६०, बी७६० वर जमतं. एएमडीचा स्वस्तातला ए५२० सुद्धा रॅमला आडकाठी करत नाही, फक्त सीपीयू ओव्हरक्लॉक करू देत नाही. १२व्या-१३व्या पिढीतल्या, नावात के नसलेल्या इंटेल चिपवर एसए व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरशी संबंधित) लॉक असतं, त्यामुळे डीडीआर४ ३६०० गियर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच वेगाने) चालेलच असं नाही, सरळ ३२०० सीएल१६ वर ठेवा. रायझन ५००० ला ३६०० पर्यंत फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारा आतला दुवा) रॅमच्या बरोबरीने चालतो, रायझन ७००० ला ६००० हा लोकांचा लाडका आकडा आहे कारण तिथे मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने चालतो, त्याच्या वर गेलात की मेमरी कंट्रोलर अर्ध्यावर उतरायचा धोका आणि मग आकडा मोठा पण काम सावकाश.

आता हाताने करायचं. यात मजा आहे, नाही म्हणत नाही. स्टिकवर कुठल्या चिप आहेत ते शोधा, डीडीआर५ मध्ये हायनिक्स ए-डाय (चांगली ओव्हरक्लॉक होणारी चिप) निघाली तर नशीब, मग सीएल, टीआरसीडी, टीआरएफसी ही टायमिंग एकेक पायरी खाली आणा, प्रत्येक बदलानंतर टेस्ट. टेस्ट म्हणजे विंडोज उघडलं आणि गेम चालला एवढं नाही हां, मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर आणि वर टेस्टमेम५ हा दुसरा रॅम टेस्ट प्रोग्रॅम. कारण अर्धवट स्टेबल रॅम दर वेळी क्रॅश होतेच असं नाही, कधी ती चुकीचा बिट गुपचूप डिस्कवर लिहिते आणि दोन महिन्यांनी एखादा फोटो अर्धा राखाडी निघतो.

आणि इथे गोव्याचा मुद्दा येतो जो परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही. रॅमचा प्रत्येक सेल म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यातला चार्ज गळतो म्हणून तो परत परत भरावा लागतो, डीडीआर४ ला सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश, डीडीआर५ ला ३.९ ला. गरम झाला की गळती वाढते. हाताने ट्यून करणारे टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) भरमसाट वाढवतात, म्हणजे रिफ्रेश कमी आणि वेग जास्त, टीआरएफसी (एका रिफ्रेशला दिलेला वेळ) पण घट्ट करतात. डिसेंबरात रात्री खोली थंड असताना हे सगळं पास होतं. तोच पीसी मे महिन्यात, बाहेर ३३-३४ अंश, एसी नाही, बाजूला ग्राफिक्स कार्ड गरम वाफा सोडतंय, स्टिक पन्नाशीच्या वर गेली की एरर चालू. म्हणजे ट्यूनिंग करायचंच असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी करा, जे तेव्हा टिकेल ते वर्षभर टिकेल. त्यात पावसाआधी गडगडाट सुरू झाला की लाइट कधी जाईल सांगता येत नाही, बायोस अपडेट तर यूपीएसशिवाय अजिबात नको. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी अजून एक करा, पावसाळ्यानंतर अचानक एरर यायला लागले तर सेटिंगला दोष द्यायच्या आधी स्टिक काढून सोनेरी पिन खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि परत बसवा, कित्येकदा तेवढंच असतं.

ऑटो व्होल्टेजवर डोळे झाकून विश्वास नको. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी चिप जळाल्या तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) १.३ ची मर्यादा घातली, एएम५ चा जुना बायोस असेल तर आधी अपडेट, मग एक्स्पो. वॉरंटीच्या कागदावर एक्सएमपी-एक्स्पो सुद्धा ओव्हरक्लॉकिंगच धरतात हेही माहीत असू द्या.

आता चौथा पर्याय, दुसरी स्टिक. एकच ८ किंवा १६ जीबीची स्टिक लावलेली असेल तर बँडविड्थ अर्धी आहे, कितीही ओव्हरक्लॉक करा. दोन असतील आणि बोर्डला चार स्लॉट असतील तर सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत का बघा. २०२५ च्या शेवटी एआय सर्व्हरच्या मागणीने रॅमचे भाव असे चढले की नवीन किट घ्या असं सहज म्हणवत नाही, पण जुन्याच जातीची जोडीची स्टिक मिळाली तर माझ्या मते ती हाताने केलेल्या ट्यूनिंगपेक्षा जास्त देते.

मग कोणी काय करावं? ५६००जी सारखा ग्राफिक्स आत असलेला प्रोसेसर असेल तर तो रॅमच व्हिडिओ मेमरी म्हणून वापरतो, त्याला दोन स्टिक आणि एक्सएमपी आधी, हौस असेल तर हाताने पुढे जा, फरक डोळ्याला दिसेल. ५८००एक्स३डी सारख्या मोठ्या कॅशवाल्याने एक्सएमपी लावून झोपावं, त्याला रॅमचं फारसं पडलेलं नसतं. १४४०पी रिझोल्यूशनवर गेम खेळणाऱ्याचं ग्राफिक्स कार्डच आधी दमतं, त्याचं पण तेच. कॉलेज, टायपिंग, टॅली एवढंच काम असेल तर एक्सएमपी लावलं काय नि नाही काय. आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरणाऱ्याने हाताने ट्यूनिंगच्या वाटेला जाऊच नये, एक्सएमपी लावा, एक रात्र मेमटेस्ट चालवा, एक जरी एरर आला तरी स्पीड एक पायरी खाली आणा आणि परत टेस्ट लावा.