मॉलेक्युलर मॉडेल किट: सात महिने वापरल्यावर

सात महिने झाले हे बॉल-स्टिकवालं किट रोज हाताळतेय, आता लिहायला हरकत नाही. घेतलं होतं फक्त रेणूंचे आकार समजावेत म्हणून, कारण वहीत मिथेन काढला की तो अधिकच्या चिन्हासारखा दिसतो आणि डोक्यात 90 अंशच बसतात. काळ्या बॉलमध्ये, म्हणजे कार्बनमध्ये, चार काड्या (म्हणजे बाँड, अणूंना जोडणारे बंध) खोचल्या, पांढरे हायड्रोजन लावले आणि टेबलावर ठेवला, तर कुठलेही तीन हायड्रोजन खाली टेकवा, तो तसाच उभा. 109.5 अंश नंतर कधी पाठ करावे लागले नाहीत.

एक मात्र सांभाळून. लाल बॉलची, म्हणजे ऑक्सिजनची, भोकंही 109.5 लाच पाडलेली आहेत, त्यामुळे पाणी बनवलं की कोन चुकीचा येतो, खरा 104.5 आहे, कारण ऑक्सिजनच्या दोन लोन पेअर (बाँडमध्ये न अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) जास्त जागा अडवतात आणि बाँडना आत ढकलतात. किटमध्ये लोन पेअर दिसतच नाही, म्हणून मी रिकाम्या दोन भोकांत कापसाचे फुगीर बोळे खोचते, मग लगेच लक्षात येतं. डबल बाँडच्या वाकड्या काड्या तिसऱ्या महिन्यातच सैल झाल्या, ही खरंच तक्रार आहे.

काडी उपसायला जोर लागतो ना, ते मला फार उपयोगी पडलं. बाँड तुटला की ऊर्जा बाहेर पडते असंच मी धरून चालले होते. उलट आहे, तोडायला ऊर्जा द्यावी लागते, एक मोल हायड्रोजन रेणूंचे बाँड तोडायला 436 किलोज्यूल. ऊर्जा सुटते ती नवीन बाँड जुळताना.

पण खरी कमाल एन्ट्रॉपीत झाली, ज्यासाठी किट घेतलंच नव्हतं! एन्ट्रॉपीचा अर्थ म्हणून सांगतात त्या 'अव्यवस्था' या शब्दाने मला कधीच काही कळलं नव्हतं. एकदा पेंटेनची साखळी बनवली आणि एक टोक धरून हलवली, दरवेळी वेगळीच वळली. मग तेच पाच कार्बन, बारा हायड्रोजन घेऊन निओपेंटेन केला, तर तो गोळाच, कसाही फिरवा, सारखाच दिसतो. नंतर तक्त्यात आकडे बघितले, वायुरूपात 25 अंश सेल्सिअसला पेंटेनची एन्ट्रॉपी साधारण 349 आणि निओपेंटेनची 306 ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल. अणू तेवढेच, पण साखळीला वेगवेगळ्या तऱ्हेने असायला वाव जास्त. आता कुठल्याही रेणूचा आकडा बघायच्या आधी मी तो बनवून हलवून बघते, आणि कोणाचा जास्त असेल ते बहुतेक वेळा बरोबर सांगता येतं.