गच्चीवरचा सोलर आणि परसातला बंब

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, घाटाच्या अंगाला. पाइपचा गॅस इथे कुठला यायला! आंघोळीचं पाणी म्हणजे सासूबाईंचा तांब्याचा बंब. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर बसवला.

थंडीत ऊन स्वच्छ असेल तर काम झकास. दुपारी चारला हात भाजेल इतकं पाणी तापतं, सकाळी सहालाही कढत मिळतं. फक्त पाइपातलं गार पाणी आधी बादलीभर काढायचं. ते आम्ही भांड्यांना वापरतो. बोअरचं पाणी जड, त्यामुळे नळ्यांत पांढरा थर धरतो. वानरांनी एक नळी फोडली आणि अख्खी टाकी गच्चीवर वाहून गेली. विकणाऱ्याने ‘उद्या येतो’ म्हणत तीन आठवडे काढले.

आषाढ-श्रावणात सोलर नुसता शोभेला. मग बंबच. मधल्या नळीत गोवरीचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, वाळक्या काटक्या. वर गार पाण्याचा तांब्या ओतला की तोटीतून वाफाळती धार. धूर होतो, डोळे चुरचुरतात, पण वीज लागत नाही.

गॅस गिझर मुद्दाम टाळला. कोंदट न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साचला तर वासही येत नाही. शिवाय १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकालाच पुरवून पुरवून वापरतो.

सोलर घ्याच, पण नळ्यांवर जाळी आधी बसवा. बंबाचं म्हणाल, तर मोडवाल्याला सासूबाईंनी फाटकातूनच परत पाठवलं.