नाशिकहून अंदमान टूर: हॉटेल-जेवण छान, पण वेळेचं नियोजन फार चुकलं

जानेवारीत नाशिकच्याच एका टूरवाल्यांकडून अंदमान करून आलो, सहा रात्री, मी, नवरा, लेक आणि सासूबाई. नाव लिहीत नाही कारण माणसं मनानं चांगली होती, तक्रार फक्त नियोजनाची आहे. जेवण घरच्यासारखं, हॉटेलं स्वच्छ, त्यात काही बोलायला जागा नाही.

मी २०११ ला बाबांसोबत गेले होते त्यामुळं डोळ्यासमोर तेच हॅवलॉक बेट होतं. २०१८ पासून नाव स्वराज द्वीप झालंय पण बोटीच्या रांगेत अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात. तेव्हा सरकारी बोट, फोनला रेंज नाही, राधानगर बीचला जाताना दोन्ही बाजूला सुपारीच्या बागा नि भातशेती, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथं वसवलं होतं त्यांची ही गावं. आता जेट्टीवर उतरलो तर नावाच्या पाट्या घेतलेले ड्रायव्हर, गाड्यांची रांग आणि रस्त्याला रिसॉर्टची कंपाउंडं. चेन्नईहून समुद्राखालून केबल आली २०२० मध्ये, त्यामुळं शहाळ्याचे पैसेसुद्धा फोनवरून दिले. तिथल्या लोकांना त्याची गरज होतीच, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

वाईट वाटलं ते एलिफंट बीचला. मासे भरपूर दिसले पण खालचं कोरल म्हणजे प्रवाळ बरंचसं राखाडी आणि तुटलेलं. पाण्यात नेणारा पोरगा म्हणाला २०१० ला समुद्र तापला तेव्हा खूप मेलं, उरलंय त्यावर लोक पाय देतात. आणि आमच्याच ग्रुपमधले दोघं त्यावर उभे राहिले! कोरल जिवंत असतं, पाय ठेवायचा नाही, एवढं बोटीत बसायच्या आधी मॅनेजरनं सांगायला नको? मला खरंच राग आला. राधानगरला तर पाऊण तास दिला, सूर्य बुडायच्या आत गाडीत बसवलं.

सेल्युलर जेललाही तेच, एक तास, आणि मोत्यांच्या दुकानात दोन. अहो नाशिकची माणसं आहोत आम्ही. १९०९ ला विजयानंद थिएटरात इंग्रज कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या त्याच खटल्याच्या धाग्यानं भगूरचे सावरकर १९११ मध्ये या जेलमध्ये आले, मोठे भाऊ बाबाराव पण इथंच होते. मूळच्या सात विंगांपैकी तीनच उरल्यात, तेवढ्या तरी शांतपणे बघू द्या. लेकीला कोठडीत उभं राहून खिडकी किती उंच आहे ते बघायचं होतं, तेवढ्यात शिट्टी.

नील बेट मात्र अजून शांत आहे. गावांची नावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सासूबाईंचा जन्म पंचवटीतला, त्या प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होत्या. दगडाचा नैसर्गिक पूल बघायला ओहोटी लागते, आम्हाला नेलं भर भरतीत, काहीच दिसलं नाही. मग गेस्ट हाऊसच्या बंगाली काकूंनी वेळ सांगितली आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला आम्ही चौघंच रिक्षानं परत गेलो. तिथं जानेवारीत पावणेसहाला उजाडतं. खडकातल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, एक छोटा ऑक्टोपस, लेक वाकून वाकून बघत होती पण हात कशालाच लावला नाही. सासूबाईंना धारदार खडकांवरून चालवेना म्हणून अलीकडच बसल्या, म्हणाल्या, "तुम्ही जा गं, मला इथून सगळं दिसतंय." पूर्ण टूरमधले हे दोन तास सगळ्यात चांगले, आणि ते पॅकेजमध्ये नव्हतेच.

बुकिंग करताना हॅवलॉकला दोन रात्री, जेलला अर्धा दिवस आणि नीलला ओहोटीची वेळ, हे तिन्ही लिहून मागा. पाचपैकी तीन स्टार. परत आल्यावर ऑफिसला जाऊन हे सगळं सांगितलं, त्यांनी वाद न घालता ऐकलं आणि कोरलचं पुढच्या ग्रुपला बोटीतच सांगू म्हणाले.